बी बाटलीतलं औषध

सोमवार, २ मार्च

आत्या,

मागच्या बुधवारच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. दुसऱ्या वर्षाच्या त्या मुलीला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हेड सरांनी शून्य दिलं, असं मी लिहिलं होतं. शून्य मी दिलं. लाल पेनाने, माझ्या हाताने, क्षणभरही न थांबता. सरांनी नंतर खाली नुसती सही केली.

खोटं का लिहिलं ते मला ठाऊक आहे. निवृत्त झालीस तेव्हा तू म्हणालीस, ‘माझ्या खात्यात नोकरी धरू नकोस.’ कारण विचारलं तर गप्प बसलीस. मी मेडिकल कॉलेजात तुझ्याच औषधशास्त्राच्या खात्यात ट्यूटर म्हणून रुजू झाले त्याच आठवड्यात सामान बांधून मैत्रिणीच्या गावी निघून गेलीस. दोन वर्षं ना फोन, ना चिठ्ठी. एवढ्या अबोल्यानंतर पहिलं पत्र लिहायचं आणि त्यात स्वतःच्याच अंगावर शेण घ्यायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. बाबा म्हणाले होते, ‘ताईला लिहिणारच असशील तर काहीतरी बरं लिही.’ बरं लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी जे होतं तेच जरा बरं करून लिहिलं.

परीक्षेची पद्धत तुला सांगायला नको, ती तुझीच आहे. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला कुठली गोष्ट सरळ दिसत नाही. ही खोडही तूच लावलेली. टेबलावर ससा. तीन बाटल्या: ए, बी, सी. चिठ्ठी काढायची, येईल त्या बाटलीतले दोन थेंब सशाच्या उजव्या डोळ्यात टाकायचे, डावा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. पंचवीस मिनिटं थांबायचं. मग पट्टीने दोन्ही बाहुल्या मोजायच्या, टॉर्च मारून त्या आकसतात का बघायचं, बुबुळाच्या कडेला कापसाचा धागा टेकवून पापणी मिटते का बघायचं. जे दिसलं ते लिहायचं आणि औषध ओळखायचं.

ह्या मुलीला वर्गातली पोरं ‘प्रश्नपत्रिका’ म्हणतात. तास संपल्याची घंटा झाली की सगळे वह्या मिटतात आणि ही हात वर करते. मागच्या बाकांवरून लगेच, ‘आली गं बाई आली, पुरवणीसकट आली.’ तिला बी बाटली आली. बी म्हणजे अ‍ॅट्रोपिन, हे होस्टेलच्या भिंतींनासुद्धा पाठ आहे. बाहुली मोठी होते, टॉर्चने आकसत नाही, कापूस लावला की पापणी मिटते. दहापैकी दहा.

तिने लिहिलं: ‘उजवी बाहुली ५ मिमी. डावी बाहुली ५ मिमी. टॉर्च मारल्यावर दोन्ही आकसतात. कापूस लावल्यावर दोन्ही पापण्या मिटतात. अनुमान: बाटलीत औषध नाही. पाणी किंवा सलाइन असावं.’

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, ही आगाऊ पोर खात्याची टर उडवते आहे. तुझ्या खात्याची. उत्तरांच्या कागदावर बघितलं, बी समोर अ‍ॅट्रोपिन लिहिलेलं होतं, शून्य दिलं. सशाकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही, आत्या. ससा माझ्यापासून दोन हातांवर होता.

त्या शून्यामुळे तिचे अंतर्गत गुण तीनने कमी पडतात. म्हणजे तिला ह्या उन्हाळ्याच्या परीक्षेला बसता येणार नाही, सहा महिने गेले. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी अजून पक्की व्हायची आहे.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. त्या बाटल्या कोण भरतं, कशाने भरतं? स्टोअरच्या रजिस्टरात गेल्या कित्येक वर्षांत डोळ्यांच्या अ‍ॅट्रोपिनची एकही नोंद मला सापडली नाही. असं का, ते तुला माहीत असणार. एका ओळीत कळव.

तुझी भाची


शुक्रवार, ६ मार्च

आत्या,

उत्तर नाही. ठीक. मी माझं शोधून काढलं.

मंगळवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. मी बी बाटली उचलली आणि दोन थेंब माझ्याच उजव्या डोळ्यात टाकले. जुनी, उघडी बाटली. हा मूर्खपणा आहे, मला कळतं. माझ्या विद्यार्थ्याने केला असता तर त्याला मी वर्गाबाहेर काढलं असतं. पण मला माझ्या डोळ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नव्हतं. खरं अ‍ॅट्रोपिन असतं तर चार-पाच दिवस त्या डोळ्याने मला पुस्तक वाचता आलं नसतं, उजेड टोचला असता. पाऊण तासाने त्याच डोळ्याने मी खोक्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. मग एक थेंब जिभेवर घेतला. अ‍ॅट्रोपिन कडू असतं. हे खारट होतं.

तरीही मी मनाला समजावत होते की औषध जुनं झालं असेल, त्याचा दम गेला असेल. म्हणून बुधवारी औषधाच्या दुकानातून नवी बाटली आणली. आपल्याकडे तो पांढरा ससा आहे ना, परीक्षेत त्या मुलीसमोर होता तोच, ज्याला प्रयोगशाळेतले मामा ‘पाहुणा’ म्हणतात, एका सत्रासाठी आला आणि सहा वर्षं मुक्काम ठोकून आहे, त्याच्या उजव्या डोळ्यात एकच थेंब टाकला. पंचवीस मिनिटांनी बाहुली पाचाची नऊ झाली. टॉर्च मारला, ढिम्म हलली नाही. डावी मात्र आकसली. इतकं स्वच्छ, इतकं सोपं की कुणीही सांगावं. त्या पोरीने असं काही बघितलं असतं तर तिनेही सांगितलं असतं.

मामा दारात उभे होते. तीस वर्षं ह्या प्रयोगशाळेचे शिपाई, माझ्या आधीपासून, हेड सरांच्याही आधीपासून.

‘मॅडम, पाहुण्याला आज उजेडात ठेवू नका. त्रास होईल त्याला.’

‘म्हणजे तुम्हाला माहीत आहे, खरं औषध टाकलं की काय होतं ते.’

ते पिंजऱ्याची कडी विनाकारण काढत-घालत राहिले.

‘मामा, बाटल्या कोण भरतं?’

‘मीच.’

‘कशाने?’

‘बाईंनी सांगितलं त्याने. आता कशाला उकरून काढताय? बाई गेल्या, ती गोष्ट गेली.’

‘गेली कुठे? मागच्याच आठवड्यात एका मुलीला शून्य मिळालं.’

‘ते तुम्ही दिलं,’ मामा म्हणाले. अगदी साधेपणाने, टोमणा न मारता. म्हणून जास्त लागलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी एक करडी सशीण होती. सी बाटलीत तेव्हा खरं सुन्न करणारं औषध असायचं. सुन्न डोळ्यावर एका दिवसात चाळीस जणांनी कापूस घासला, कुणी हळू, कुणी खराट्यासारखा. तिला दुखत नव्हतं म्हणून ती डोळा मिटत नव्हती. आठवड्यात बुबुळावर जखम झाली, महिन्यात डोळा गेला. तू पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन तासभर बसलीस. उठताना म्हणालीस, ‘मामा, उद्यापासून तिन्ही बाटल्यांत सलाइन. कुणाला बोलायचं नाही. पोरांचं काय, ती बाटलीवरचं अक्षर बघून लिहितात.’

मी मामांना विचारलं, ‘चौदा वर्षांत एकालाही कळलं नाही?’

‘कळायचं की. वर्षाला एक-दोघं यायचेच, “मामा, काहीच होत नाही” म्हणून. मी म्हणायचो, नीट बघ. मग ते नीट बघायचे.’

‘आणि?’

‘आणि मग व्हायचं,’ मामा म्हणाले.

मी तिथेच खुर्चीत बसले, आत्या. वर्षाला शंभर मुलं. चौदाशे डॉक्टर. तुला सशिणीची दया आली, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मीही रडले असते. पण मग प्रयोग बंद करायचा होतास! ‘हा प्रयोग आम्ही यापुढे करणार नाही, तक्त्यावर शिकवू’, एवढा एक कागद प्राचार्यांकडे पाठवायचा होता. तू पाठवला नाहीस, कारण मग लोकांनी विचारलं असतं, सशीण आंधळी कशी झाली, तेव्हा देखरेख कुणाची होती. त्यापेक्षा पाणी सोपं. परीक्षा चालू, गुण चालू, बाहेरचे परीक्षक खूश. सशाला वाचवलंस आणि आम्हाला कापूस लावलास. आम्हीही सुन्नच होतो, आम्हीही डोळा मिटला नाही.

आता मला कळतं, मी तुझ्या खात्यात नको होते ते का. दोन वर्षं मी रोज विचार करत होते की माझं काय चुकलं.


बुधवार, ११ मार्च

आत्या,

सोमवारी वेळापत्रकाप्रमाणे मला प्लॅसिबो शिकवायचं होतं. योगायोगाला काही लाज नसते. मी फळ्यासमोर उभी राहून सांगत होते की औषध नसलेली गोळी दिली तरी काही रुग्णांना बरं वाटतं, म्हणून नव्या औषधाची चाचणी घेताना कुणाला खरी गोळी मिळाली आणि कुणाला खोटी, हे रुग्णाला सांगत नाहीत. घंटा झाली. प्रश्नपत्रिकेचा हात वर. मागून कुणीतरी, ‘सोडा ना मॅडम, जेवायला जायचंय.’

ती म्हणाली, ‘मॅडम, प्लॅसिबोचा परिणाम घेणाऱ्यावर होतो की बघणाऱ्यावर?’

वर्ग हसला. मी हसले नाही. मी म्हटलं, ‘दोघांवर होतो. म्हणून चांगल्या चाचणीत तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत.’

‘मग बाटलीवर अक्षर का लिहितात?’ एवढं विचारून ती खाली बसली.

मी तडक हेड सरांकडे गेले. ते तुझेच विद्यार्थी, अजूनही तुझ्या खुर्चीवर नवी गादी न घालता बसतात. मी जुनी बी आणि नवी, दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या, काय केलं ते सांगितलं. त्यांनी बाटल्यांना हात लावला नाही.

‘हे बघा, काही सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपिन मोडणारं एन्झाइम असतं. त्यांच्यावर परिणाम होत नाही. हे तुम्हाला माहीत असायला हवं.’

‘माहीत आहे सर. म्हणूनच त्याच सशावर नवी बाटली वापरून बघितली. त्याला व्यवस्थित परिणाम झाला. आणि समजा एन्झाइम असतंच, तरी तिने जे दिसलं ते लिहिलं. मग ती बरोबरच ठरते ना?’

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ‘तिने अनुमान काय लिहिलं? बाटलीत औषध नाही. हा खात्यावर आरोप आहे.’

‘बाटलीत औषध नाहीये, सर.’

‘तुमचा आवाज खाली ठेवा.’

मी आवाज चढवला होता हे मला तेव्हा कळलं. मी. तू मला कायम म्हणायचीस, बोल गं, ऐकू तर येऊ दे.

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘हे कुणी सुरू केलं ते मला माहीत नाही आणि तुम्ही मला सांगूही नका. तुमच्याच घरची अब्रू आहे. त्या मुलीला म्हणावं, माझं निरीक्षण चुकलं असा अर्ज दे, जर्नल पुन्हा लिही. मी पाच गुण देतो. परीक्षेला बसेल, विषय मिटेल.’

मला वाटलं, ती हे थुंकून टाकेल. संध्याकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर ती भेटली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, पाण्याचंसुद्धा. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, ‘अर्ज मराठीत लिहू की इंग्रजीत?’

‘तू लिहिणार आहेस?’

‘सहा महिने घालवण्यापेक्षा फाकली म्हणते की बाहुली. माझं काय जातंय?’

‘अगं, पण तू बरोबर होतीस.’

‘ते मला माहीत होतंच, मॅडम. मी कधी म्हटलं चूक होते म्हणून?’ मग तिचा आवाज एकदम बदलला. ‘शून्य तुम्ही दिलंत. आता खरं काय तेही मीच सांभाळायचं? तुम्हाला एवढं वाटतंय तर तुम्ही लिहा ना अर्ज. निरीक्षण तुमचं चुकलं.’

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिच्या पायाही पडावंसं वाटलं. दोन्हीपैकी काही केलं नाही. ‘मला पुढच्या गुरुवारपर्यंत वेळ दे’, म्हटलं. ती म्हणाली, ‘तुमच्या भरवशावर मी एकदा परीक्षा दिली आहे.’

घरी आले आणि माळ्यावरून माझं स्वतःचं जर्नल काढलं. नऊ वर्षांपूर्वीचं. ही गोष्ट मी तुला सांगणार नव्हते. थेंब डोळ्यात टाकले त्या मंगळवारीच ती माझ्या मनात आली होती आणि मी तिच्याकडे कानाडोळा करत होते.

मलाही बीच आली होती. माझ्या अक्षरात लिहिलंय: ‘उजवी बाहुली ९ मिमी, डावी ५ मिमी. उजवी प्रकाशाला प्रतिसाद देत नाही.’ खाली तुझी हिरव्या शाईतली सही आणि ‘उत्तम निरीक्षण’. दहापैकी दहा. तू तेव्हा माझ्यासमोर उभी होतीस.

मी कुणाचं बघून लिहिलं नव्हतं, आत्या. हे मी तुला शपथेवर सांगते, आणि त्यातच सगळं वाईट आहे. मी ती बाहुली मोठी होताना पाहिली. मला ती अजूनही दिसते, काळी, गोल, टॉर्चखाली न हलणारी. पाण्याने.

दम्यामुळे अकराव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. तू कॉलेजमधून यायचीस, चहा प्यायचीस आणि जेवणाच्या टेबलावर माझी शाळा भरवायचीस. रोज खिडकीबाहेर काय दिसलं त्याची पाच वाक्यं. एकदा मी लिहिलं की समोरच्या गच्चीवर मांजर बसलं होतं. मांजर आदल्या दिवशी होतं, त्या दिवशी नव्हतं. तू पूर्ण पानावर काट मारलीस आणि म्हणालीस, ‘नसलेलं मांजर लिहिलंस तर असलेल्यावर कोण विश्वास ठेवेल?’ मी सहा वर्षांची होते. रात्री जेवले नाही. तेव्हापासून मी दार लावलं की नाही हे तीन वेळा बघते, कागदावरचा आकडा पाच वेळा तपासते, आणि लोक मला हसतात.

आणि तीच तू, माझ्यासमोर उभी राहून, नसलेल्या मांजराखाली ‘उत्तम निरीक्षण’ लिहितेस. एक काट मारली असतीस! घरी येऊन कानात सांगितलं असतंस! त्या दिवशी तू बाबांनाही सांगितलंस, पोरगी पहिली आली.


रविवार, १५ मार्च

आत्या,

तुझं कार्ड काल मिळालं. दोन वर्षांनी आलेल्या चार ओळी. समोर ठेवून लिहिते आहे.

‘सशीण आंधळी झाली तेव्हा तू तिथे नव्हतीस. त्या मुलीला गुण देऊन टाका आणि प्रकरण मिटवा. माझं नाव कुठे घेऊ नकोस, माझ्याकडे आता तेवढंच आहे. तब्येत सांभाळ, पंप जवळ ठेव.’

पंप जवळच आहे. तुझा राग करावा तर तू शेवटी असं एखादं वाक्य टाकतेस. ह्या वेळी त्याचा उपयोग होणार नाही.

मी तिथे नव्हते, खरं आहे. पण तुझ्या सलाइनने पुढे जे केलं, तिथे मी होते, ते आता ऐक. इंटर्नशिपमध्ये मी तुला एक प्रसंग सांगितला होता. बागेत फवारणी करताना विषबाधा झालेला एक माळी आला होता आणि वॉर्डमधल्या सिस्टर माझ्याशी उद्धटपणे बोलल्या, असं. तेही खोटं होतं. ही माझी दुसरी दुरुस्ती.

त्या माळ्याला अ‍ॅट्रोपिन चालू होतं, ह्या वेळी खरं. माझं काम दर पंधरा मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी बघायची, बाहुल्या बघायच्या आणि तक्त्यावर लिहायचं. विषाने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, औषध पुरेसं पोचलं की मोठी होते. तासभर औषध चालू होतं, म्हणजे ती मोठी झालेलीच असणार. मी टॉर्च मारला, बघितलं, लिहिलं: ‘बाहुल्या मोठ्या.’ तीन वेळा. औषध कमी करायचं ठरत होतं. तेवढ्यात सिस्टर उशी नीट करायला वाकल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्ही नक्की ह्याच पेशंटकडे बघताय ना? ह्याची बाहुली टाचणीएवढी आहे.’ तोपर्यंत त्याच्या छातीत घरघर सुरू झाली होती. औषध वाढवलं, तो वाचला. सिस्टरमुळे वाचला. त्यांनी माझी तक्रार केली नाही. फक्त तक्ता माझ्या हातात देऊन म्हणाल्या, ‘डोळ्याने बघा, बाई, पुस्तकाने नको.’ आणि मी घरी येऊन तुला सांगितलं की त्या उद्धट आहेत. तू म्हणालीस, ‘दुर्लक्ष कर.’

तेव्हा मला वाटलं, मी थकले होते. आता कळतं की मी शिकले होते. नीट बघ, मग दिसतं. तेराशे नव्याण्णव जण आणखी आहेत, आणि प्रत्येकाच्या शेजारी तसल्या सिस्टर असतीलच असं नाही.

तू म्हणतेस, गुण द्या आणि मिटवा. हेड सर अगदी हेच म्हणतात. पाच गुण दिले तर ती परीक्षेला बसेल. पण कागदावर राहील की तिचं निरीक्षण चुकलं आणि बाटली बरोबर होती. पुढच्या वर्षी पुन्हा शंभर जण बी बाटलीसमोर बसतील. आणि चौदा वर्षांत एकटीच बरोबर लिहिणारी मुलगी आयुष्यभर लक्षात ठेवेल की खरं लिहिलं तर शून्य आणि माफी मागितली तर पाच. हा धडा तिला मी शिकवणार नाही. तूही मला तो शिकवला नव्हतास, निदान टेबलावर तरी.

शुक्रवारी तिने अर्ज दिला. ‘माझ्याकडून पाहण्यात चूक झाली, क्षमा असावी.’ खाली तिची सही. जाताना मला दाखवायला घेऊन आली होती. मी म्हटलं, थांबली असतीस. ती म्हणाली, ‘तुम्ही बोललात तर बोललात मॅडम, चांगलंच आहे. नाही बोललात तर मी तरी परीक्षेला बसलेली असेन.’ तिचा मला राग आला नाही. तुझा आला. माझा आला.

अंतर्गत गुणांची समिती ह्या आठवड्यात बसते आहे. तिथे तिचा अर्ज आणि यादी मंजूर होईल. मी प्राचार्यांच्या कार्यालयात लेखी कळवलं आहे की मला समितीपुढे बोलायचं आहे. पोच घेतली आहे, शिक्का आहे. हेड सरांना प्रत दिली. ते म्हणाले, ‘तुमची नोकरी जूनमध्ये पक्की व्हायची आहे, हे लक्षात आहे ना?’ लक्षात आहे. बाबांना सांगितलं. ते पेपरची घडी घालत म्हणाले, ‘ताईचं नाव घेतल्याशिवाय नाही का होणार?’

नाही होणार. मी खूप विचार केला, सगळ्या बाजूंनी केला, तुला माहीत आहे मी कसा करते ते. निवेदनात ‘खात्यातल्या कुणीतरी’ असं लिहिलं तर सगळं मामांच्या गळ्यात पडेल. बाटल्या त्यांनी भरल्या आहेत, त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आहे आणि त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही. तू सांगितलंस, त्यांनी भरल्या. असंच लिहिलं आहे. सशिणीचंही लिहिलं आहे, तू स्टूलवर तासभर बसलीस तेही, कारण ते खरं आहे. एकही विशेषण घातलेलं नाही. माझ्या रागाचे सगळे शब्द ह्या पत्रांत संपवले. निवेदनात फक्त काय झालं ते आहे.

मी तीन गोष्टी मागणार आहे. त्या मुलीचं शून्य मी दिलं, ते मीच खोडून दहा करणार आणि तिचा माफीचा अर्ज तिला परत द्यायचा. सशांवरचा हा प्रयोग ह्या वर्षापासून बंद. आणि नऊ वर्षांपूर्वीचे माझे दहा गुण रद्द करावेत. तिसऱ्या मागणीला सगळे हसतील, मला माहीत आहे. नियमात तशी तरतूदही नसेल. तरी माझं जर्नल मी सोबत नेणार आहे, तुझ्या हिरव्या सहीसकट.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. तुला फोन करायचा असेल तर कर, मी उचलेन. रागावून केलास तरी उचलेन. स्वतः येऊन समितीला सांगावंसं वाटलं तर मामा आणि मी तुला बसथांब्यावर घ्यायला येऊ. पण तू आलीस किंवा न आलीस, फोन केलास किंवा न केलास, त्यावर आता काही अवलंबून नाही.

समिती गुरुवारी, १९ मार्चला, सकाळी साडेदहाला बसते. बोलणाऱ्यांच्या यादीतलं पहिलंच नाव माझं आहे.